तारबाबूचं गाणं

आमचे आण्णा रेल्वेत तारबाबू होते. मनमाड-दौंड लाइनीवरच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची निम्मी नोकरी गेली, आणि त्या निम्म्यातली निम्मी रात्रपाळीत. सात-आठ वर्षांचा असताना मी कधी कधी रात्रीचा डबा घेऊन जायचो आणि तिथेच बाकावर आडवा व्हायचो. टेबलावर कंदील, शाईचे डाग पडलेलं रजिस्टर, आणि तारयंत्र. यंत्र म्हणजे तरी काय, वर-खाली आपटणारी पितळेची एक छोटी दांडी. तिचा आवाज इतका बारीक की फलाटावर मालगाडी उभी असली तर ऐकूच येऊ नये. म्हणून आण्णांनी तिच्या मागे सिगारेटचा रिकामा पत्र्याचा डबा बसवला होता. त्या डब्यात घुमून टकटक खणखणीत बाहेर यायची.

गाडी नसली की आण्णा हलक्या आवाजात नाट्यपदं म्हणायचे. कुणाला ऐकवायला नव्हे, झोप येऊ नये म्हणून. गाता गाता डब्यातून टकटक सुरू झाली की पद तिथेच थांबायचं. पेन्सिल उचलायची, उतरवून घ्यायचं, शेवटी आपल्या बाजूने तीन ठोके द्यायचे, एक आखूड, एक लांब, एक आखूड. ही पोच. मजकूर मिळाला, बरोबर मिळाला, तुम्ही आता निश्चिंत असा. पोच दिल्याशिवाय तार पुरी होत नाही, हे त्यांनी मला तेव्हाच शिकवलं होतं. मग पद सोडलं होतं तिथून पुन्हा उचलायचे. सम चुकत नसे.

२०१२च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला मुलीकडे गेलो होतो. एका रविवारी ती आम्हाला ग्रिफिथ पार्कमधल्या संग्रहालयात घेऊन गेली. अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास सांगणारं हे संग्रहालय जीन ऑट्री नावाच्या नटाने १९८८ साली उभं केलेलं. खोगिरं, पिस्तुलं, जुनी पोस्टरं पाहत आम्ही हिंडत होतो. एका पोस्टरवर तोच ऑट्री: पांढरी टोपी, नक्षीचे बूट, हातात गिटार आणि शेजारी कपाळावर पांढरा पट्टा असलेला घोडा. लहानपणी इंग्रजी कॉमिकमध्ये हा चेहरा कुठेतरी पाहिल्याचं आठवलं, बाकी काही नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, हा सिनेमात यायच्या आधी काय करायचा ठाऊक आहे? रेल्वेत तार पाठवायचा. आपल्या आण्णांसारखा."

त्या दिवसापासून हा माणूस माझ्या घरचा झाला.

ऑट्रीचा जन्म २९ सप्टेंबर १९०७चा, टेक्ससमधल्या टायोगा गावाजवळचा. पाळण्यातलं नाव ऑर्व्हन ग्रोव्हर ऑट्री. आजोबा बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. चर्चमध्ये गाणाऱ्यांत एक आवाज हवा म्हणून त्यांनी पाच वर्षांच्या नातवाला गायला शिकवलं. वडील गुरांचे व्यापारी, आज इथे तर उद्या तिथे. बाराव्या वर्षी पोराने काकाच्या शेतावर गवताचे भारे बांधून पैसे जमवले आणि सिअर्स रोबक कंपनीच्या कॅटलॉगमधून ८ डॉलरची गिटार मागवली. हा कॅटलॉग म्हणजे त्या काळच्या खेडोपाडीच्या अमेरिकेचा बाजार. सुईपासून नांगरापर्यंत सगळं त्यातून टपालाने घरी यायचं. पुढे दहा-बारा वर्षांनी त्याच कॅटलॉगमध्ये ऑट्रीच्या नावाची गिटार विकायला आली, तेव्हा ती मागवणारी पोरंही बहुतेक त्याच्याचसारखी असणार, शेतावर राबून पैसे साठवणारी.

शाळा संपवून तो ओक्लाहोमात रेल्वेत लागला. कंपनीचं नाव सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को, लोकांच्या तोंडी नुसतं 'फ्रिस्को'. नावात सॅन फ्रान्सिस्को असलं तरी तिचे रूळ त्या शहरापर्यंत कधीच पोचले नाहीत. तरुण ऑट्री या गावाहून त्या गावी बदलीवर फिरायचा, रात्रपाळी करायचा आणि गिटार जवळ ठेवायचा. तिथले तारबाबूही यंत्रामागे पत्र्याचा डबा लावत, तंबाखूचा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो. सातासमुद्रापलीकडची माणसं, दोघांनाही एकच अडचण आणि दोघांनाही सुचलेला उपाय तोच.

१९२७च्या सुमाराला चेल्सी नावाच्या छोट्या स्टेशनात एक गृहस्थ तार करायला आले. कोपऱ्यातली गिटार पाहून म्हणाले, काहीतरी म्हण. त्याने म्हटलं. त्यांनी आणखी एक म्हणायला लावलं. जाताना सांगून गेले, की पोरा, इथे वेळ घालवू नकोस, रेडिओवर जा. मागाहून त्याने तारेवरची सही पाहिली, तर विल रॉजर्स. विनोदी वक्ता, नट आणि घरोघरी वाचल्या जाणाऱ्या सदराचा लेखक. ही हकिकत ऑट्री जन्मभर सांगत राहिला.

त्या भरवशावर तो रेल्वेच्या पासावर न्यूयॉर्कला गेला. रेकॉर्ड कंपनीने आवाज ऐकला आणि सांगितलं, गळा बरा आहे पण माइकची सवय नाही; घरी जा, रेडिओवर गा, मग ये. नकार मिळाला की माणसं एक तर खचतात नाहीतर चिडतात. हा दिलेलं काम करायला निघाला. टल्साच्या केव्हीओओ केंद्रावर 'ओक्लाहोमाचा योडलिंग काउबॉय' म्हणून गाऊ लागला (योडलिंग म्हणजे गळा झटक्यात खालच्या-वरच्या सुरांत फिरवत गाणं), आणि १९२९मध्ये खरोखरच रेकॉर्ड करायला परत गेला. सुरुवातीच्या त्या तबकड्यांत तो जिमी रॉजर्सची हुबेहूब नक्कल करतो. जिमी रॉजर्सही रेल्वेचाच माणूस, गाड्यांवर ब्रेकमन होता, आणि योडलिंगचा बादशहा. आपल्या खांडव्याच्या किशोरकुमारच्या गळ्यात योडलिंग आलं ते जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून, असं सांगतात. म्हणजे ज्या झऱ्यावर ऑट्रीने ओंजळ धरली तोच झरा पुढे मुंबईच्या स्टुडिओत येऊन पोचला.

पण नकलेतून तो बाहेर आला ते एका अगदी साध्या गाण्यामुळे. फ्रिस्को रेल्वेतला त्याचा सहकारी जिमी लाँग आणि तो, दोघांनी मिळून रुपेरी केसांच्या म्हाताऱ्या बापावर गाणं बांधलं. विषय एवढाच, की बाबा, माझ्यामुळे तुम्ही थकलात, तुमचे केस पिकले. ते पुन्हा काळे करता आले असते तर काय हवं होतं. १९३१च्या ऑक्टोबरमध्ये ते रेकॉर्ड झालं. मंदीचे दिवस होते. शेतं लिलावात जात होती, पोरं कामाच्या शोधात घर सोडून मालगाड्यांवर चढत होती. घरोघरी कुणाचा ना कुणाचा बाप मागे राहिलेला होता. तबकडीच्या पाच लाखांवर प्रती खपल्या आणि कंपनीने तिच्या सन्मानार्थ सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ऑट्रीच्या हातात ठेवली. 'गोल्ड रेकॉर्ड'ची प्रथा तिथून सुरू झाली असं मानतात. मला ती तबकडी म्हणजे पोच वाटते. या गाण्यात त्याने एकाच माणसाला उद्देशून निरोप पाठवला होता, आणि पाच लाख घरांतून तो मिळाल्याचं कळलं.

पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९३२ला, त्याने जिमी लाँगच्या भाचीशी, आयना मे स्पायव्हीशी लग्न केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावर तो गाजू लागला होता आणि तिकडे हॉलिवूडमधले लहान निर्माते काउबॉयपटांत काहीतरी नवं शोधत होते. १९३४मध्ये एका चित्रपटात त्याला मोजकी काही मिनिटं मिळाली, नाचगाण्याच्या प्रसंगात. लोकांनी त्या काही मिनिटांबद्दल पत्रं लिहिली. मग १९३५मध्ये 'द फँटम एम्पायर' ही १२ भागांची मालिका आली. तिची गोष्ट मी मुलीला सांगितली तेव्हा तिला ती मी रचल्यासारखी वाटली होती. जमिनीखाली एक प्राचीन नगरी आहे, यंत्रमानव आहेत, राणी आहे. नायक तिच्या तावडीत सापडतो, सुटतो, पुन्हा सापडतो. आणि हे सगळं करून रोज दुपारी दोनला त्याला आपल्या रॅंचवर, म्हणजे गुराढोरांच्या मळ्यावर, पोचावंच लागतं, कारण तिथून त्याचा रेडिओचा कार्यक्रम असतो आणि तो चुकला तर करार मोडतो. जीव धोक्यात असला तरी ड्यूटीची वेळ टळता कामा नये. हे रेल्वेतल्या माणसालाच शोभतं.

त्याच वर्षी रिपब्लिक पिक्चर्स ही कंपनी निघाली, 'टम्बलिंग टम्बलवीड्स' आला, आणि गाणारा काउबॉय हा एक प्रकारच जन्माला आला.

काउबॉय म्हणजे गुराखी. आपल्याकडे गुराख्याच्या हातात पावा असतो, तो गातो यात कुणाला नवल वाटत नाही. अमेरिकी समीक्षकांना मात्र तेव्हा ते खटकलं. घोड्यावरचा मर्द गडी, दरोडेखोरांचा पाठलाग मध्येच सोडून गिटार काढतो हे काय? पण खऱ्या गुराख्यांचा इतिहास ऑट्रीच्याच बाजूने आहे. टेक्ससहून उत्तरेकडे हजारो गुरं हाकत नेताना रात्री कळपाभोवती राखणीला घोडेस्वार फिरत. अंधारात एखादी काटकी मोडली तरी गुरं बिथरून उधळायची. म्हणून हे राखणदार सावकाश, एका लयीत काहीतरी गुणगुणत राहत. गुरांना कळायचं की जवळ माणूस आहे, ओळखीचा आहे, भ्यायचं कारण नाही. बहुतेक रात्रपाळीची गाणी अशीच जन्मली असावीत, आण्णांचीही.

ज्यांच्या घरात संगीत नाटकाची पदं म्हटली जातात त्यांना नायकाने थांबून गाणं यात खोट दिसत नाही. बालगंधर्वांच्या प्रेक्षकाला कथा पुढे जाण्याची घाई नव्हती. तो 'वन्स मोअर' म्हणून कथेलाच थांबवायचा. ऑट्रीचे चित्रपट पाहताना मला हा जुना ओलावा जाणवतो. तास-सव्वा तासाचा चित्रपट, चिमूटभर खर्च, दोन आठवड्यांच्या आसपास उरकलेलं चित्रीकरण. नायकाचं नाव चित्रपटातही जीन ऑट्रीच. सोबतीला स्मायली बर्नेट नावाचा गोलमटोल, सतरा वाद्यं वाजवणारा मित्र. आणि चँपियन घोडा, ज्याचं नाव पोस्टरवर नटांच्या बरोबरीने असायचं.

त्याच्या पश्चिमेत काळ मात्र गंमतीशीर मिसळलेला असे. घोडे आहेत आणि मोटारीही आहेत. टेलिफोन, रेडिओ, विमानं आहेत. १९३७च्या एका चित्रपटात गुरं चोरणारी टोळी विमान, ट्रक आणि बिनतारी यंत्र वापरते. पण खलनायक बहुतेक वेळा कुणी तांबडा-काळा राक्षस नसतो. तो पाणी अडवणारा, शेतकऱ्याची जमीन कर्जात बुडवून घेणारा, बँकेतला किंवा कंपनीतला माणूस असतो. दुष्काळी धुळीत सगळं गमावून बसलेल्या कुटुंबांना हे चेहरे ओळखीचे होते. शहरातल्या मोठ्या थिएटरांत हे चित्रपट फारसे लागत नसत; लागत ते तालुक्याच्या गावी, शनिवारी दुपारी. बायकाही आवर्जून येत, कारण याच्या नायिका तोंडावर उत्तर देणाऱ्या, आपलं शेत आपण सांभाळणाऱ्या असत. १९४०मध्ये चित्रपटगृहांच्या मालकांनी सर्वांत गर्दी खेचणाऱ्या नटांची यादी केली, तेव्हा मिकी रूनी, स्पेन्सर ट्रेसी आणि क्लार्क गेबल यांच्यानंतर चौथं नाव ऑट्रीचं होतं.

मध्ये १९३८ला तो कंपनीशी भांडून निघून गेला होता. पैशाचा प्रश्न होताच, पण आणखी एक सल होता: त्याचा चित्रपट हवा असेल तर लहान थिएटरवाल्यांना कंपनीचे पडेल चित्रपटही गळ्यात बांधून घ्यावे लागत. ज्या गावांनी आपल्याला मोठं केलं त्यांच्यावरच हा भुर्दंड का, असं त्याचं म्हणणं. कंपनीने त्याच्या जागी लेनर्ड स्लाय नावाचा तरुण गायक आणला आणि त्याचं नाव ठेवलं रॉय रॉजर्स. ऑट्री समेट करून परतला, पण आता गाणारे काउबॉय दोन होते, आणि पुढची वीस वर्षं अमेरिकेतली पोरं या दोघांत वाटली गेली. दोघे गेलेही एकाच वर्षी, १९९८ला, तीन महिन्यांच्या अंतराने.

१९४०च्या जानेवारीत रिग्लीच्या च्युइंगगमच्या प्रायोजनाने सीबीएस रेडिओवर त्याचा 'मेलडी रँच' कार्यक्रम सुरू झाला आणि तो १९५६पर्यंत चालला. या कार्यक्रमाची जुनी ध्वनिमुद्रणं मी बरीच ऐकली. त्यात तो बोलतो कसा, ते ऐकण्यासारखं आहे. आवाज चढवत नाही. सभेत बोलल्यासारखं बोलत नाही. शेकोटीच्या पलीकडे एकच माणूस बसलाय आणि त्याच्याशी बोलतोय असं वाटतं. गाण्यातही तेच. मोठा पल्ला नाही, तान नाही, पण प्रत्येक शब्द स्वच्छ, सुटा, आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच जपून ठेवलेला. स्वतःबद्दल तो म्हणत असे की मी नट बेताचा, घोडेस्वार बेताचा, गायकही काही फार मोठा नाही. पण मी जे काही करतो ते लोकांना आवडतं. मला ही नुसती नम्रता वाटत नाही. त्याला आपलं काम नेमकं कळलेलं होतं. तारबाबूला शब्द सजवायचे नसतात. या टोकाला जे दिलं गेलं ते त्या टोकाला न बिघडता, न गळता पोचवायचं असतं. आण्णा म्हणायचे, चांगल्या हाताच्या तारबाबूची टकटक नुसती ऐकून पलीकडचा माणूस ओळखतो की आज अमुक बसलाय. ऑट्रीचा हात अमेरिकेने असाच ओळखला होता.

१९४१च्या १६ नोव्हेंबरला ओक्लाहोमातल्या बर्विन गावाने आपलं नाव बदलून 'जीन ऑट्री' ठेवलं. वस्ती जेमतेम २२७, आणि त्या दिवशी जमली ३५ हजारांची गर्दी. तिथूनच त्याने 'मेलडी रँच'चा कार्यक्रम प्रसारित केला. तीन आठवड्यांनी पर्ल हार्बर झालं.

यापुढचा भाग मला सगळ्यात जवळचा. १९४१मध्ये त्याची कमाई ६ लाख डॉलरच्या घरात होती. कंपनीचा मालक सांगत होता की सैन्यात जाऊ नकोस, तुझी जागा मी रॉय रॉजर्सला देईन. तरी २६ जुलै १९४२ला रेडिओच्या चालू कार्यक्रमात, देशाला ऐकू जाईल अशी शपथ घेऊन तो हवाई दलात भरती झाला. सैनिकांपुढे गात फिरण्यात युद्ध सहज निघालं असतं. त्याने स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या खर्चाने उड्डाणाचे तास वाढवले, वैमानिक म्हणून पात्र ठरला, आणि मालवाहू दलात गेला. तिथून तो चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर आला.

आसामच्या विमानतळांवरून पूर्व हिमालयाच्या डोंगररांगा ओलांडून चीनला दारूगोळा आणि इंधन नेणारा हवाई मार्ग होता, वैमानिक त्याला 'हंप' म्हणत. खाली जंगल आणि बर्फ, वर ढग, नकाशे अर्धवट. शेकडो विमानं या वाटेवर पडली. ऑट्रीने चालवलेल्या विमानांत सी-१०९ होतं, म्हणजे बॉम्बफेकी विमानातून बॉम्बची सोय काढून पोटात पेट्रोलच्या टाक्या बसवलेलं उडतं पिंप. उतरताना जरा चूक झाली तर उरतं काय, हे सगळे जाणून असत, म्हणून वैमानिकांनी त्याच्या क्रमांकातच 'धडाम' हा शब्द जोडून ठेवला होता. ज्याच्या नावाच्या टोप्या आणि पिस्तुलं घेऊन अमेरिकेतली पोरं खेळत होती, तो माणूस पोटाखाली पेट्रोल घेऊन आपल्या ईशान्येच्या डोंगरांवरून जात होता. त्याच्या चित्रपटांपेक्षा मला हे दृश्य जास्त दिसतं.

परत आला तेव्हा 'काउबॉयांचा राजा' ही पदवी रॉय रॉजर्सच्या नावावर लागलेली होती. कंपनी म्हणू लागली की युद्धाची वर्षं करारात धरायची नाहीत, ती भरून दे. तो कोर्टात गेला आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकला. मग कोलंबिया कंपनीच्या छत्राखाली स्वतःची निर्मिती सुरू केली. या काळातला १९४९चा एक चित्रपट मला मोलाचा वाटतो, ज्यात उपाशी, आजारी नावाहो वस्तीला व्यापारी कसा लुबाडतो ते सरळ दाखवलंय. काउबॉयपटांनी मूळ रहिवाशांवर एरवी फार अन्याय केला. ऑट्रीचे सगळे चित्रपटही त्यातून सुटलेले नाहीत. पण इथे त्याने मान वळवून पाहिलं.

साधारण याच वर्षांत त्याने लहान मुलांसाठी काउबॉयची दहा वचनं सांगितली. आपण होऊन पहिली गोळी झाडायची नाही. दुबळ्यावर हात उगारायचा नाही. दिलेला शब्द मोडायचा नाही. मुलं, म्हातारी माणसं आणि मुकी जनावरं यांच्याशी मायेने वागायचं. वंशावरून, धर्मावरून कुणाचा दुस्वास करायचा नाही. हे शेवटचं वचन कोणत्या काळात आहे ते पाहा: दक्षिणेतल्या ज्या थिएटरांत त्याचे चित्रपट लागत तिथे काळ्या मुलांना वेगळ्या दाराने आत जावं लागे.

आयना मे स्पायव्ही लक्षात आहे ना? १९४९मध्ये लाल नाकाच्या हरणाचं एक नाताळगीत त्याच्याकडे आलं. इतर हरणं ज्याला खेळायला घेत नाहीत, त्याचंच नाक धुक्याच्या रात्री सांताची गाडी वाट काढायला उपयोगी पडतं, अशी गोष्ट. ऑट्रीला ते पोरकट वाटलं. आयना म्हणाली, गा. त्या हरणाला सगळे हसतात तिथे माझं मन हललं. त्याने गायलं, आणि नाताळच्या आठवड्यात 'रुडॉल्फ' देशात पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे त्याच्या ६४० ध्वनिमुद्रणांत सर्वांत जास्त खपलेलं हेच. आज जी मुलं त्याचं नावही ओळखत नाहीत त्यांना त्याचा आवाज पाठ आहे.

२३ जुलै १९५०ला त्याची टीव्ही मालिका सुरू झाली. तोवर चित्रपटवाल्यांना टीव्ही म्हणजे शत्रू वाटे, आणि थिएटरमालक त्याच्यावर संतापले. पण रेल्वेच्या तारेवरून रेडिओवर, रेडिओवरून पडद्यावर आलेल्या माणसाला नवी तार दिसली की तो ती पकडणारच. अर्ध्या अर्ध्या तासाचे ९१ भाग, बरेचसे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या पायोनियरटाउनमध्ये चित्रित झालेले, आणि सोबतीला आता पॅट बट्रम. स्वतःच्या कंपनीतून त्याने इतरांच्याही मालिका काढल्या. त्यातली एक बंदूकबाज ॲनी ओकलीची, जिच्यात नायक मुलगी होती, आणि एक चँपियन घोड्याची. दुसरीकडे रिपब्लिकने त्याचे जुने चित्रपट कापून टीव्हीला विकायला काढले. तो त्यावरही कोर्टात गेला, मात्र १९५४मध्ये हरला. चेहरा त्याचा, आवाज त्याचा, पण चित्रपट कंपनीचे, असा निकाल.

१९५३मध्ये त्याने चित्रपट थांबवले. एकूण ९३. शेवटच्या सहांसाठी स्मायली बर्नेटला परत बोलावून घेतलं होतं. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी दोघे एकत्र हॉलिवूडमध्ये आले होते, निघतानाही एकत्र निघाले. हे वाचून मला फार बरं वाटलं.

नंतरच्या धंद्यांबद्दल, हॉटेलं, रेडिओ केंद्रं, टीव्ही केंद्र, त्यात मला फार रस नाही. बेसबॉलचं तेवढं सांगतो. १९६०मध्ये नव्या संघाच्या सामन्यांचं धावतं वर्णन आपल्या रेडिओवरून करायचा हक्क मागायला गेला आणि संघच घेऊन परतला. एंजल्स. १९८६ला अजिंक्यपदाच्या मालिकेत जायला एक चेंडू उरला होता, तोही हुकला. त्याच्या हयातीत ते घडलंच नाही. २ ऑक्टोबर १९९८ला, ९१ वर्षांचा होऊन तीन दिवस झाले असताना तो गेला. एंजल्स जिंकले २००२ला, आणि विजयानंतर एका खेळाडूने त्याची पांढरी टोपी उंच धरून मैदानात फिरवली. हॉलिवूडच्या पदपथावर चित्रपट, टीव्ही, रेकॉर्ड, रेडिओ आणि रंगमंच अशा पाच प्रकारांतले तारे एकट्या त्याच्या नावाचे आहेत. ताऱ्यांच्या त्या यादीत तारयंत्राला जागा नाही, एवढं मला वाटून गेलं.

१५ जुलै २०१३ला आपल्याकडची तारसेवा बंद झाली. आदल्या रात्री टीव्हीवर तारघरांतली गर्दी दाखवत होते. शेवटची तार पाठवायला तरुण मुलं रांगेत उभी होती, हसत फोटो काढत होती. आण्णा तेव्हा ऐंशी ओलांडलेले. खुर्चीत बसून काही न बोलता पाहत होते. मी आवाज बंद केला आणि संगणकावर ते रुपेरी केसांच्या बापाचं गाणं लावलं. सांगितलं, की आण्णा, हाही तारबाबू होता, गाणं त्याने आणि त्याच्या स्टेशनातल्या माणसाने रचलंय.

जुनी ध्वनिमुद्रिका, खरखर बरीच. आण्णा मान खाली घालून ऐकत होते. इंग्रजी त्यांना रेल्वेपुरतं येत असे, तेवढं पुरलं असावं. गाणं संपत आलं तसं त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर हललं. मला वाटलं ताल धरतायत. पण ताल तसा नव्हता. एक आखूड, एक लांब, एक आखूड.

"काय केलंत आण्णा?" मी विचारलं.

"पोच दिली," ते म्हणाले.